खुल्या रंगमंचावरचे एकच संगीत नाटक दुसऱ्या संचात पुन्हा पाहावे का, आणि कलाकारांची तुलना कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यात मोकळ्या पटांगणावर होणारा 'संगीत सौभद्र'चा प्रयोग आपण एकदा पाहिला, तो आवडला, आणि त्यातील काही भूमिका आलटून पालटून दुसरे कलाकार करतात असे नंतर कळले. तर पुन्हा तिकीट काढावे का, आणि काढल्यास तुलना कशाच्या आधारावर करावी. माझे उत्तर असे की अवश्य जावे, मात्र एकदा जाऊन थांबू नये. दुसऱ्या संचाचा प्रयोग पाहून झाल्यावर पहिल्या संचाचा आणखी एक प्रयोग पाहावा, आणि तोपर्यंत मत राखून ठेवावे.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी याच नाटकाचे चार प्रयोग एका शाळेच्या पटांगणात पाहिले. संस्था हौशी होती. अर्जुन, सुभद्रा आणि कृष्ण यांच्यासाठी दोन-दोन कलाकार तयार केलेले होते आणि बाकीची मंडळी तीच होती. पहिल्या प्रयोगातील सुभद्रा मला इतकी भावली की, दुसऱ्या खेपेस दुसरी सुभद्रा समोर आली तेव्हा मी तिचे गाणे ऐकतच नव्हतो. ती पहिलीपेक्षा कुठे वेगळी जाते एवढेच टिपत बसलो होतो, आणि जिथे ती वेगळी गेली तिथे ती चुकली असे धरून चाललो होतो. तिसऱ्या प्रयोगात पुन्हा पहिलीच सुभद्रा होती. तिच्या गाण्यातल्या ज्या जागा, म्हणजे खास वळणे, माझ्या मनात पक्क्या बसल्या होत्या त्यांतील निम्म्या तिने त्या संध्याकाळी घेतल्याच नाहीत, आणि ज्या घेतल्या त्या मला आठवत होत्या त्याहून साध्या होत्या. म्हणजे आठवडाभर मी दुसऱ्या मुलीची तुलना पहिलीशी करत नव्हतो, तर पहिलीच्या मी मनात रंगवलेल्या प्रतिमेशी करत होतो.

आपल्याकडे ही खोड जुनी आहे. 'सौभद्र' पुण्यात १८८२ साली रंगभूमीवर आले तेव्हा सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी केली. १९०१ मध्ये भाऊराव गेले, १९०५ मध्ये नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व 'सौभद्र' करणाऱ्या त्याच किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, आणि त्यांच्या स्त्रीभूमिका पाहणाऱ्यांत ज्यांच्या कानांत भाऊराव अजून होते असेही रसिक असणारच. त्या तुलनेला मधली काही वर्षे चिकटलेली होती. आपल्याला मात्र दोन सुभद्रा एकाच महिन्यात, त्याच ऑर्गनच्या आणि त्याच तबल्याच्या साथीत ऐकता येतात. ही सोय त्या पिढीला क्वचितच मिळाली असेल.

आता साथीविषयी, कारण उघड्यावर पहिली चूक तिथेच होते. पहिली सुभद्रा काळी चार या पट्टीत (म्हणजे पेटीची ती कळ षड्ज धरून) गात होती आणि दुसरी पांढरी पाचमध्ये. अंतर अर्ध्या स्वराचे, पण सगळी पदे तेवढी खाली उतरल्यामुळे दुसरीचे गाणे मला सुरुवातीला मंद वाटले. ज्याला आपण 'आवाजात चमक नाही' म्हणतो ते कित्येकदा निव्वळ पट्टीतले अंतर असते. त्यातच डिसेंबरातले पुण्याचे दव. हवा ओलसर झाली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडते आणि तबला उतरतो, आणि दोन पदांच्या मधल्या गद्यात तबलजी हातोडी घेऊन वादीखालचे लाकडी गट्टे ठोकत राहतो. एका प्रयोगात पद सुरू झाले तरी तबला पुरता चढलेला नव्हता आणि मी त्याचा दोष गाणारीला दिला. माझ्या शेजारी कानटोपी घालून बसलेल्या एका आजोबांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केले, तेही काहीशा तुच्छतेने. त्यांचे बरोबर होते.

दुसरी गोष्ट वेळेची. पूर्वी संगीत नाटके रात्रभर चालत. आता मोकळ्या जागेत एरवी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, त्यामुळे साडेसहाला सुरू झालेला प्रयोग कसेही करून दहाच्या आत गुंडाळावा लागतो. दुसऱ्या प्रयोगात नारदाने 'राधाधर मधुमिलिंद' हे पद असे काही रंगवले की दोन वेळा वन्समोअर पडला, आणि त्या दहा-बारा मिनिटांची वसुली उत्तरार्धात सुभद्रेच्या एका पदाला कात्री लावून झाली. मी मात्र तिची तयारी कमी आहे असे समजून घरी आलो. तेव्हा एखाद्याने विस्तार का केला नाही असा प्रश्न पडला तर त्याच्या आधी कोणी किती वेळ घेतला हे पाहावे.

अर्जुनांविषयी मी फार लिहीत नाही. नाटकात अर्जुन यतीच्या वेषात वावरतो, त्या वेषातल्या दाढीवर कॉलर माइक घासून दोघांचेही गद्य सारखेच खरखरत होते. त्यातला पहिला बोलण्यात उजवा होता, एवढे नोंदवतो.

कृष्णांच्या बाबतीत मात्र मला खरा फरक सापडला, आणि तो गळ्याचा नव्हता. 'प्रिये पहा' हे पद आपणास आठवत असेल. रात्र सरून उषःकाल होत असल्याचे कृष्ण रुक्मिणीला दाखवतो, आणि चाल देसकारातली, म्हणजे सकाळच्या रागातली आहे. बंदिस्त नाट्यगृहात मागे पडदा असतो, त्यावर दिव्यांनी तांबडे फुटते आणि प्रेक्षक तेवढे मान्य करतो. उघड्यावर डोक्यावर खरे आकाश असते आणि रात्री आठच्या सुमारास ते काळे असते. पहिल्या कृष्णाने 'पहा' म्हणताना सवयीने हात वर केला. त्याच्या बोटाबरोबर शे-दोनशे माना वर गेल्या, नेमके तेव्हाच लोहगावच्या दिशेने एका विमानाचे दिवे सरकत होते, आणि पटांगणात खसखस पिकली. गाणे उत्तम होते, पण ते पद तिथेच संपले. दुसऱ्या कृष्णाचा गळा पहिल्याच्या निम्माही फिरत नव्हता, परंतु त्याने आकाशाकडे एकदाही पाहिले नाही. तो सबंध पद रुक्मिणीच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाला, आणि ती (दोन्ही संचांत तीच होती, आणि आदल्या खेपेस पुतळ्यासारखी उभी होती) हळूहळू झोपेतून जागी झाल्यासारखी दिसू लागली. उजाडत असेल तर ते तिच्या डोळ्यांत, आमच्या डोक्यावर नव्हे. विमान त्याही दिवशी गेले असेल. मला आठवत नाही.

तेव्हा आपण पुन्हा जाल तेव्हा बदललेल्या कलाकाराकडे जितके पाहाल तितकेच न बदललेल्यांकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. समोरचा बदलल्यावर सुभद्रेची सखी कुसुमावती कुठे उभी राहते, वक्रतुंडाचा विनोद कोणत्या अर्जुनासमोर अधिक पिकतो, एक जण गात असताना दुसरा ऐकत असतो की आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहत असतो, यावरून नव्या माणसाचा कस कळतो. नामांकित पदांत सगळेच सावध असतात आणि ध्वनिमुद्रिका ऐकून आलेले असतात. खरी परीक्षा गद्य संपून पद सुरू होते त्या सांध्यावर होते. बलरामाने आपले लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे हे दुःख पहिली सुभद्रा गद्यात सांगे, मग थांबे, ऑर्गनकडे कान देई आणि गाऊ लागे. दुसरीचे बोलणे कधी गाणे झाले ते चौथ्या प्रयोगातही मला पकडता आले नाही.

शक्यतो दर वेळी त्याच बाजूला, मधल्या रांगांत आणि कर्ण्यापासून दूर बसावे. जागा बदलली की आवाज बदलतो. तिकीट काढताना त्या दिवशी कोणता संच आहे हेही विचारून घ्यावे. मला चौथ्या खेपेस फलकावर एक नाव आणि रंगमंचावर दुसराच अर्जुन असा अनुभव आला, आणि निवेदनात त्याचा उल्लेखही नव्हता.

आपण विचारले नसले तरी माझी पसंती सांगून टाकतो: दुसरी सुभद्रा, दुसरा कृष्ण आणि पहिला अर्जुन. चारही प्रयोगांत हे तिघे एकत्र कधी आले नाहीत.