प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : अंबाबाईच्या मंदिराची रचना

प्रश्न : कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन आम्ही अनेकदा घेतले आहे, परंतु रांगेतून पुढे सरकताना कोणता मंडप कोठे संपतो आणि कोणती देवता कोठे आहे, याचा उलगडा होत नाही. मंदिराची मूळ मांडणी कशी आहे? शिवाय महालक्ष्मी ही विष्णुपत्नी असेल, तर तिच्या गाभाऱ्याच्या वर शिवलिंग कसे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या मंदिरात दिशा समजली की बाकीचे समजणे सोपे जाते. देवी पश्चिमाभिमुख आहे आणि म्हणूनच पश्चिमेकडील महाद्वार हा मंदिराचा मुख्य दरवाजा आहे. उत्तरेचा घाटी दरवाजा, पूर्व दरवाजा आणि दक्षिण दरवाजा हे उरलेले तीन. महाद्वारातून सरळ पूर्वेकडे पाहिले, की दीपमाळा, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि गाभारा अशी एकामागून एक ठिकाणे एकाच रेषेत येतात. यांपैकी गरुड मंडप लाकडी खांबांचा आणि महिरपी कमानींचा, मराठा वळणाचा, मूळ दगडी मंदिराच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. जीर्ण झाल्यामुळे त्याची नव्याने उभारणी हाती घेण्यात आली.

ही रेषा किती काटेकोरपणे साधलेली आहे, हे किरणोत्सवात दिसते. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि वर सांगितलेला एकेक टप्पा ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत यावीत, अशी अपेक्षा असते. पश्चिमेकडील उंच बांधकामे आणि क्षितिजावरील ढग किंवा धूळ यांमुळे काही वर्षी किरणे मध्येच अडतात. महाद्वारासमोरची ती मोकळी रेषा हाही मंदिराच्या रचनेचाच भाग आहे, आणि तिचे रक्षण एखाद्या कोरीव खांबाइतक्याच दक्षतेने व्हायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता गाभाऱ्यांविषयी. मुख्य वास्तूत तीन गाभारे आहेत. मधला महालक्ष्मीचा आणि दोन्ही बाजूंचे महाकाली व महासरस्वती यांचे. या मांडणीचा अर्थ दुर्गा सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात सापडतो. तेथे महालक्ष्मी ही सर्वांची आद्या, त्रिगुणात्मक अशी मूळ देवता मानलेली असून महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासूनच प्रकट होतात. त्याच ठिकाणी तिच्या चार हातांत महाळुंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र (पिण्याचे पात्र), तर मस्तकावर नाग, लिंग आणि योनी अशी चिन्हे सांगितली आहेत. कोल्हापूरची मूर्ती, तिच्या मागे असलेल्या सिंहासह, नेमकी अशीच आहे. मात्र अलंकार आणि वस्त्रे यांमुळे ही चिन्हे दर्शनार्थींच्या नजरेस सहसा पडत नाहीत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. येथील महालक्ष्मी केवळ विष्णुपत्नी नव्हे. ती स्वयंभू आदिशक्ती आहे, आणि जिच्या मस्तकावरच लिंग आहे, तिच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंगाचे शिवमंदिर असणे या कल्पनेशी पूर्णपणे सुसंगत आहे. समोर गरुड, पाठीशी सिंह आणि वर शिवलिंग, अशी ही व्यवस्था तिला कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसू देत नाही. मातुलिंगाचे दर्शन वर्षातील मोजक्याच दिवशी खुले असते. सध्याची मूर्ती, परंपरेनुसार, आक्रमणांच्या काळात पुजाऱ्यांच्या घरी लपवून ठेवलेली होती आणि १७१५ च्या विजयादशमीला ती पुन्हा गाभाऱ्यात स्थापन झाली.

प्रश्न : मंदिराच्या आवारात जुन्या वास्तुकलेच्या दृष्टीने आणखी काय पाहावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : प्रथम मुख्य मंदिराच्या बाहेरील भिंती पाहाव्यात. काळ्या दगडाच्या या भिंती सरळ न जाता सतत कोन घेत तारकाकृती वळतात आणि त्यांवर योगिनींच्या मूर्ती आहेत. वरची शिखरे मात्र विटा-चुन्याची आणि नंतरच्या काळातील आहेत, त्यामुळे दगड जेथे संपतो तेथे मूळ बांधणी संपते, हे सहज ओळखता येते. परिवारदेवतांमध्ये नवग्रह, विठ्ठल-रखुमाई, दत्त आणि काशीविश्वेश्वर यांची मंदिरे आहेत. मातीखाली बुजलेले मणिकर्णिका कुंड अलीकडच्या काही वर्षांत पुन्हा उकरून काढण्यात आले.

वेळ कमी असल्यास पूर्व दरवाजाजवळचे शेषशायी विष्णूचे मंदिर तरी चुकवू नये. त्याच्या मंडपाच्या छताखाली जैन तीर्थंकरांच्या प्रतिमा कोरलेल्या आहेत. येथे पूर्वी सत्तेवर असलेल्या शिलाहार राजघराण्याच्या राज्यात कोल्हापूर परिसरात जैन धर्माला मोठा आश्रय होता, हे लक्षात घेऊन तेथे थोडा वेळ मान वर करून थांबावे. शुक्रवारी पालखीच्या वेळी गर्दी असते, म्हणून सकाळची वेळ निवडावी.