गुडघ्याचा एमआरआय, एका रात्रीची भरती आणि विम्याचा हिशेब

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सावकाश दोनदा वाचले. आपण ४६ वर्षांच्या, शाळेत शिकवणाऱ्या, दांडिया बाजारात लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आहात. चार महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडल्यापासून आपला उजवा गुडघा जिना उतरताना मध्येच अडकतो आणि संध्याकाळपर्यंत सुजतो. एक्स-रेत काही निघाले नाही आणि हाडांच्या डॉक्टरांनी आता एमआरआय सांगितला आहे. आपल्यापुढे चार पर्याय आहेत: शेजारणीने सुचवलेली १,५०० रुपयांची सोनोग्राफी, ६,५०० रुपयांचा साधा म्हणजे १.५ टेस्ला यंत्रावरचा एमआरआय (टेस्ला म्हणजे यंत्राच्या चुंबकाच्या ताकदीचे माप), ९,८०० रुपयांचा ३ टेस्लाचा, किंवा दोन्ही गुडघ्यांचे १४,००० रुपयांचे पॅकेज. त्यातच, एक रात्र दवाखान्यात भरती झाल्यास सगळा खर्च विम्यातून निघेल, असे भावोजींचे म्हणणे आहे.

आपण ६,५०० रुपयांचा, केवळ उजव्या गुडघ्याचा एमआरआय करावा आणि तो भरती न होता, स्वतःच्या पैशांनी करावा, असे माझे मत आहे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाबद्दल बोलणार नाही. पण कोणती तपासणी काय दाखवते हे माहीत असल्याशिवाय तिच्या किमतीचा विचारच करता येत नाही. एक्स-रेत हाड आणि सांध्यातील अंतर दिसते; गादी, म्हणजे मेनिस्कस, आणि आतले लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे बंध, दिसत नाहीत. त्यामुळे आपला एक्स-रे चांगला आला याचा अर्थ एवढाच की हाड मोडलेले नाही. सोनोग्राफी वरवरचे स्नायुबंध आणि साठलेले पाणी चांगले दाखवते, परंतु सांध्याच्या आत खोलवर असलेल्या लिगामेंटबद्दल आणि गादीबद्दल तिच्यावर विसंबता येत नाही. सीटी स्कॅनचा उपयोग मुख्यतः हाडाच्या गुंतागुंतीच्या मोडीसाठी असतो. आपला गुडघा अडकतो, आणि डॉक्टरांना संशय गादीचा आहे. पैसे वाचवण्यासाठी केलेली १,५०० रुपयांची सोनोग्राफी बहुधा एमआरआयच्या आधीचा एक जादा खर्च ठरेल.

३ टेस्लाचे चित्र अधिक सूक्ष्म येते, हे खरे. मात्र गादी फाटली आहे का, लिगामेंट शाबूत आहे का, या नेहमीच्या प्रश्नांसाठी १.५ टेस्ला सहसा पुरेसा असतो. डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिले नसेल, तर वरचे ३,३०० रुपये देऊ नका. आपल्या पत्रातल्या ४०० रुपयांच्या दराने त्यात फिजिओथेरपीच्या आठ बैठका होतात, आणि त्या आपल्याला बहुधा लागतील.

न दुखणाऱ्या डाव्या गुडघ्याचे पॅकेज तर मी ठामपणे नाकारीन. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० वर्षांवरील लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात दुखणे किंवा ताठरपणा काहीच जाणवलेले नव्हते. आपण त्या वयाच्या जवळ आहात. न दुखणाऱ्या गुडघ्यात काहीतरी सापडेल, मग त्याची चिंता आणि पुढचा खर्च मागे लागेल.

आता भावोजींचा सल्ला. तो आपुलकीने दिलेला आहे यात शंका नाही, पण तो धोक्याचा आहे. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत अपवादांच्या यादीत ‘तपासणी व मूल्यमापन’ असे कलम सापडेल. सर्व कंपन्यांसाठी ठरलेल्या प्रमाणित अपवादांत त्याचा क्रमांक ०४ आहे. केवळ तपासणीसाठी झालेली भरती त्यानुसार विम्यात बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी असेच केले होते. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर उपचाराच्या रकान्यात वेदनाशामक गोळी आणि विश्रांती एवढेच लिहिले होते. क्लेम नाकारला गेला आणि एमआरआयबरोबर खोलीचे भाडेही त्यांच्याच खिशातून गेले. भरतीचे कारण खोटे लिहून क्लेम केल्यास तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

विम्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. उद्या दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो क्लेम मंजूर झाला, तर भरतीपूर्वीच्या ३० किंवा ६० दिवसांतला, त्याच दुखण्यासाठीचा तपासणीखर्चही मागता येतो. आपल्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते आधी पाहा. म्हणून एमआरआयची चिठ्ठी, मूळ बिल आणि पावती जपून ठेवा. मात्र दिवस उलटून जातील या घाईने शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. ६,५०० रुपयांसाठी गुडघ्याचा निर्णय होत नसतो.

याहून मोठी रक्कम एका ओळीवर अवलंबून आहे, आणि याबद्दल आपण काहीच विचारलेले नाही. आपली पॉलिसी घेऊन १४ महिने झाले आहेत. अनेक पॉलिसींत गुडघ्याच्या अंतर्गत बिघाडासाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, म्हणजे तोवर त्याचा क्लेम मिळत नाही; परंतु दुखापत अपघाताने झाली असेल तर ती लागू होत नाही. आपण लिहिता की पडल्यानंतर घरच्या डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधले आणि कागद काहीच दिला नाही. आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा कोणत्या तारखेला, कशा पडलात आणि दुखणे तेव्हापासूनच आहे, हे त्यांना सांगून केसपेपरवर नोंदवून घ्या. घरच्या डॉक्टरांच्या वहीत नोंद असेल तर तिची प्रत मागा. जे घडले तेवढेच लिहिले जावे, त्यात वाढवून काही नको. एमआरआयच्या अहवालात झिजेचा उल्लेख आला, तर ही जुनी नोंदच शस्त्रक्रियेच्या क्लेमच्या वेळी आपली बाजू मांडील.

पैशांसाठी मुदत ठेव मोडू नका. तीन महिन्यांत ती पिकते आहे, आणि आपल्याकडे १,१०,००० रुपये बचत खात्यात आहेत ते अशाच वेळेसाठी आहेत. त्यातून ६,५०० काढा. करसवलतीच्या दृष्टीने यात फारसे हाती लागणार नाही. आयकरात आरोग्यविम्याच्या सवलतीखालची ५,००० रुपयांपर्यंतची सवलत प्रतिबंधक तपासणीची असते, दुखापतीसाठी केलेला एमआरआय तीत बसवू नका.

एमआरआयला जाण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: “गादी फाटलेली निघाली तर आपण काय कराल, आणि नाही निघाली तर काय?” दोन्ही वेळी उत्तर सहा आठवडे फिजिओथेरपी असेच आले, तर ती आधी करून एमआरआय पुढे ढकलता येईल का, हेही त्यांनाच विचारा. अडकणाऱ्या गुडघ्याच्या बाबतीत ते बहुधा थांबू नका म्हणतील, आणि तसे म्हणाले तर याच आठवड्यात वेळ घ्या. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा अन्य धातू असल्यास केंद्रावर आधी सांगा. डॉक्टरांच्या उत्तरासह पॉलिसीच्या अपवादांच्या पानांची छायाप्रत मला पाठवलीत, तर प्रतीक्षाकालाचे कलम मी स्वतः वाचून आपल्याला कळवीन.