लिहिताना अडलं तर : ठिपके की आकडे?

प्रश्न : गावच्या नळपाणी योजनेची माहिती मागायला माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय. पुतण्याने तो कॉम्प्युटरवर घेताना प्रत्येक ओळीपुढे काळा ठिपका टाकून दिला. दोन पानं, एकोणीस ठिपके. दिसतो झकास, पण ग्रामपंचायतीत चालेल का?
– एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : पुतण्याची हौस राहू द्या, ठिपके काढून आकडे घाला. आवक-जावकच्या टेबलावर नोकरी काढलेला माणूस आहे मी, म्हणून सांगतो. उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील करावं लागतं. त्यात 'मुद्दा क्र. ४ ची माहिती मिळाली नाही' असं लिहायचं असतं. तिथे 'वरून सातवा ठिपका' लिहिणार का?

एकोणीस मुद्देही बसायचे नाहीत. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. तुमचा पाचवा मुद्दाच बघा : 'काम का रखडले, ठेकेदाराला किती पैसे दिले आणि पाइप कोणत्या दर्जाचे?' तीन प्रश्न एकत्र कोंबले की सोप्याचं उत्तर येतं, बाकीचे गिळले जातात. शिवाय 'का रखडले' याचा कागद दप्तरात नसतो. जो असतो त्याचं नाव घेऊन मागा :

१) योजनेच्या अंदाजपत्रकाची प्रत
२) कार्यारंभ आदेशाची प्रत
३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची प्रत
४) ठेकेदाराला अदा केलेल्या देयकांच्या प्रती

सगळ्या ओळी एकाच घडणीच्या ठेवा. कारकून कपाट उघडतो, एकेक कागद काढतो, आकड्यावर टिक करतो.

बाकीच्या ठिपक्यांत मला बहुतेक तक्रारच दिसली. ती वेगळ्या अर्जाने गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. तिथे मात्र आकडेही नकोत. 'पाइप टाकले. टाकी गळते. टँकर येतो.' यातून साहेबांना काय कळणार? सलग लिहा : पाइप टाकून झाले, तरी टाकी गळत असल्याने वरच्या आळीला पाणी चढत नाही, म्हणून टँकर मागवावा लागतो. सुट्या ओळींत नेमके हेच दुवे राहून जातात.

माहितीच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. उत्तराचे तीस दिवस तिथूनच मोजायचे.