‘चि. सौ. कां.’ म्हणतंय कोण?

प्रश्न असा आला आहे. दोघांनी मिळून लग्नपत्रिका घरीच करायला घेतली आहे. हातकागद आणला, आजीच्या पैठणीच्या काठावरचा मोर बघून लाकडी ठसा कोरून घेतला, मजकूरही स्वतःच लिहिला. वर ‘आमंत्रण’ असं शीर्षक, खाली ‘स.न.वि.वि., आम्ही लग्न करत आहोत, नक्की या’ आणि मग नावं: ‘चि. रोहन’ व ‘चि. सौ. का. मीरा’. मावशींनी ‘का’वर अनुस्वार हवा म्हणून अडवलं. मामा म्हणतात, सगळ्या पत्रिकांत ‘का’च असतं. बरोबर कोण? ‘स.न.वि.वि.’ लागतंच का? आणि ‘आमंत्रण’ की ‘निमंत्रण’?

अनुस्वाराचं आधी उरकतो. मावशी बरोबर आहेत. मूळ शब्द ‘सौभाग्यकांक्षिणी’. कांक्षा म्हणजे इच्छा. आकांक्षा, महत्त्वाकांक्षा यांतली तीच. सौभाग्याची इच्छा धरणारी ती सौभाग्यकांक्षिणी. अनुस्वार शब्दाच्या पोटातलाच आहे, तो गाळून उरलेल्या ‘का’ला काही अर्थ नाही. मामांनी पाहिलेल्या पत्रिका खऱ्या, त्यांतली चूकही खरी. घोळ होतो टिंबांमुळे. शब्द एकच, पण ‘सौ.’ आणि ‘कां.’ असे तुकडे करून मध्ये मोकळी जागा सोडली की ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती असं वाटतं आणि ‘कां.’ अनाथ होतं. लग्नाआधीच सौभाग्यवती कशी, असं मग एखादा चौकस भाचा विचारतोच. लिहायचंच तर ‘चि. सौ.कां.’ असं जोडून लिहावं. एकटं ‘सौ.’ अक्षता पडल्यानंतरचं.

पण तुमच्या मजकुरात याहून मोठी अडचण आहे. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, आणि तो आशीर्वाद आहे. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना द्यायचा. ‘आम्ही लग्न करत आहोत’ म्हणणाऱ्यांनीच स्वतःच्या नावाआधी ‘चि.’ लावणं म्हणजे नमस्काराला वाकून आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवण्यासारखं झालं.

नेहमीच्या पत्रिकेत हे खटकत नाही, कारण तिथे बोलणारे आईवडील असतात. पत्रिका हे मुळात पत्र आहे, आणि तिची सगळी भाषा जुन्या पत्रव्यवहारातून आलेली आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. अमुक यांचा शुभविवाह चि. सौ.कां. तमुक हिच्याशी करण्याचे योजिले आहे’ हे वाक्य घ्या. ‘आमच्या’ऐवजी ‘आमचे’, ‘कृपेने’ऐवजी ‘कृपेकरून’, ‘योजले’ऐवजी ‘योजिले’. बोलताना यातलं एकही रूप आता कोणी वापरत नाही, पत्रिकेत मात्र ती ठाण मांडून बसली आहेत. आणि योजणारं कोण? घरचे कर्ते. वर-वधूकडे या वाक्यात करण्यासारखं काही नाही, त्यांचं लग्न ‘करण्याचे योजिले’ आहे. जुन्या पत्रिकांत तर ‘शुभविवाह’च्या जागी ‘शरीरसंबंध’ असे आणि ती पत्रिका आजोबा निःसंकोचपणे गावभर वाटत. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ साधा सोयरीक असा होता. आज कोणी कपाटातून तशी पत्रिका काढली की नातवंडं हसून लोळतात, त्याला आजोबांचा इलाज नाही.

‘स.न.वि.वि.’चंही घराणं तेच: सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिताना मायन्याला पायऱ्या होत्या. वडीलमाणसाला ‘ती.’, म्हणजे तीर्थरूप, आणि साष्टांग नमस्कार, म्हणून ‘सा.न.वि.वि.’, बरोबरीच्याला ‘स.न.वि.वि.’, धाकट्याला ‘अ.उ.आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. छापील पत्रिका एकाच वेळी आजेसासऱ्यांना, साहेबांना आणि शाळासोबत्याला जायची, तेव्हा मधली पायरी धरली गेली. निवड शहाणपणाची आहे. ‘विनंती विशेष’ म्हणजे नमस्कार झाला, आता खरी विनंती ऐका. त्यामुळे या चार अक्षरांनंतर सविस्तर विनंती यायला हवी. तुमच्याकडे पुढे ‘आम्ही लग्न करत आहोत, नक्की या’ एवढंच आहे, त्याच्याआधी ‘स.न.वि.वि.’ म्हणजे पायजम्यावर फेटा. ‘सप्रेम नमस्कार’ एवढं पूर्ण शब्दांत लिहा, पुरे.

गंमत म्हणजे, कोण बोलतंय हे पारंपरिक पत्रिकेत एकाच ठिकाणी स्वच्छ कळतं: खालच्या कोपऱ्यात, जिथे तीन वर्षांची पुतणी म्हणते, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ वर ‘योजिले’ आणि ‘द्यावेत’ची रांग, आणि खाली हे ‘हं’. ती ओळ पोरकट वाटते म्हणून हल्ली काढतात. मी तर म्हणेन, अख्ख्या कागदावर जिवंत मराठी तेवढीच असते.

तेव्हा आधी ठरवा, बोलणार कोण. आईवडील बोलणार असतील तर ‘चि.’ आणि ‘चि. सौ.कां.’ खुशाल ठेवा. फक्त ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव चि. रोहन’ असं करू नका, एका दमात दोनदा चिरंजीव होतो. ‘ज्येष्ठ पुत्र चि. रोहन’ म्हणा. तुम्ही दोघंच बोलणार असाल तर दोन्ही उपाध्या काढा आणि साधं लिहा:

‘सप्रेम नमस्कार. आम्ही, मीरा आणि रोहन, लग्न करत आहोत. आपण सहकुटुंब यावं आणि आम्हाला आशीर्वाद द्यावेत, असा आमचा आणि आमच्या आईवडिलांचा आग्रह आहे.’

शेवटी आईवडिलांना आणलं ते मुद्दाम. आपल्याकडे मुलांनी परस्पर बोलावलं की ‘घरच्यांना पसंत नाही वाटतं’ अशी कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. तिसरीही एक वाट आहे: मजकूर आईवडिलांचा आणि खाली तुमच्या हस्ताक्षरात तुमची एक ओळ. हाताने केलेल्या पत्रिकेला ती शोभेल. पण मग वरचा आवाज वर आणि खालचा खाली राहू द्या. एकाच वाक्यात दोन्ही कालवू नका.

आता ‘आमंत्रण’ की ‘निमंत्रण’. रोजच्या मराठीत फरक जवळजवळ पुसला आहे, पण एके काळी तो नेमका होता. क्रियापदाचं विध्यर्थी रूप कुठे वापरायचं हे सांगताना पाणिनीने एका सूत्रात (३.३.१६१) विधी, निमंत्रण, आमंत्रण असे अर्थ वेगवेगळे मोजले आहेत. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, त्यांचा खुलासा करते: निमंत्रण म्हणजे ‘नियोगकरण’, आमंत्रण म्हणजे ‘कामचारकरण’. निमंत्रण आलं की जायलाच हवं. आमंत्रण आलं तर आपली मर्जी. त्या हिशेबाने चित्रप्रदर्शनाला आमंत्रण आणि लग्नाला निमंत्रण. ‘आग्रहाचं निमंत्रण’ हा आपला रुळलेला प्रयोग त्यात चपखल बसतो. तुम्ही शीर्षक बदलावं असं मला वाटतं, पण ‘आमंत्रण’ला कोणी चूक म्हणणार नाही.

त्याच सूत्राच्या निमित्ताने ‘नक्की या’बद्दलही सांगतो. मराठीत ‘या’ आज्ञार्थ, ‘यावं’ विध्यर्थ. तोंडी बोलावताना आत्यालाही ‘या हं नक्की’ म्हटलेलं गोड लागतं, कारण सोबत आवाज असतो. कागदावर आवाज नसतो, तिथे ‘यावं’ हेच बरं. आहेराचंही तसंच. ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ ही बँकेच्या खिडकीवरची पाटी वाटते. ‘आहेर आणू नये, ही विनंती’ एवढं पुरतं.

अक्षरांचेही ठसे कोरणार असाल तर त्याआधी शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घ्या, लाकडावर खोडरबर चालत नाही. पत्रिकेत हमखास मार खाणारे शब्द ठरलेले आहेत. ‘आशीर्वाद’: रफार ‘वा’वर, ‘शी’ दीर्घ, ‘आर्शिवाद’ नव्हे. ‘मुहूर्त’: पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. ‘वधूवर’मध्ये ‘धू’ दीर्घच, कारण संस्कृतातही तो दीर्घ आहे. ‘प्रीतिभोजन’मध्ये ‘ति’ ऱ्हस्व. नोंदणी पद्धतीने लग्न करणार असाल तर ‘शुभमुहूर्तावर’ लिहू नका, ‘सकाळी ११ वाजता’ लिहा. रजिस्ट्रारच्या कचेरीत मुहूर्त नसतो, नंबर असतो.

संगणकावर मजकूर जुळवताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. पुष्कळ फाँटांत ते हिंदी वळणाचे येतात, आणि ‘श्री’, ‘शुभ’, ‘लग्न’ हेच तर पत्रिकेचे मोठ्या अक्षरांतले शब्द. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ नेमून दिले आहेत. काही फाँटांत भाषा ‘मराठी’ निवडली की आकार आपोआप बदलतात.

पाकिटं हाताने लिहिणार असालच, तर गाळलेल्या पायऱ्या तिथे परत आणता येतील. छापील मजकूर सगळ्यांना एक, पण पाकिटावर आजोबांना ‘ती. आजोबांस’, मित्राला ‘प्रिय’, मामांना ‘ती. मामा व सौ. मामी यांस’. विधवा आजी किंवा काकूंच्या नावाआधी जुन्या वळणाचं ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) मात्र कुणी सांगितलं तरी लिहू नका, ‘ती.’ किंवा ‘श्रीमती’ लिहा. आणि कोपऱ्यांना कुंकू लावणार असाल तर कोरडं लावा. हातकागद पाणी पितो आणि ओलं कुंकू नावापर्यंत पसरतं.