एमएस्सी पॉलिमरच्या पोरांना एफटीआयआर (पदार्थ कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो त्यावरून तो ओळखायची पद्धत) इमेजिंग शिकवायलाच हवं का, साधं एफटीआयआर पुरत नाही का?

पुरतं की, सुरुवातीला तरी. आधी साध्या मशीनवर पॉलिस्टायरीनची फिल्म लावून १६०१ cm⁻¹ चा पीक (आलेखातलं टोक) शोधायला लावा, तो जागेवर दिसला की पुढचं बोलू. फरक एवढाच की साधं मशीन अख्ख्या जागेचा मिळून एक स्पेक्ट्रम (शोषणाचा आलेख) देतं, आणि इमेजिंगला ६४×६४ पिक्सेलचा डिटेक्टर असेल तर एका दमात ४०९६ येतात, म्हणजे व्हॅक्यूम पॅकिंगच्या फिल्मचा आडवा काप ठेवला की १६४० ला नायलॉनचा थर आणि २९१५ ला पॉलिथिनचा, नकाशाच दिसतो. ५-६ मायक्रॉनचा थर मात्र धूसर येतो, तिथे जर्मेनियमचं एटीआर (नमुन्याला टेकवून मोजायचा स्फटिक) लागतं. आणि डिटेक्टर थंड करायला लिक्विड नायट्रोजन ओतताना गॉगल घाला रे, पोरं व्हिडिओ काढत बसतात नुसती.