५७व्या वर्षी बेस गिटार: मनगट, पट्टी आणि स्वर कुठे थांबवायचा ते

प्रश्नाचा गोषवारा असा. वय ५७, कॉलेजात ऱ्हिदम गिटार वाजवायचात. आता ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये (दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला) बेसची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. गणेशोत्सवाला दहा आठवडे आहेत, गाणी १८, बहुतेक जुनी हिंदी आणि काही मराठी. हातात सेकंडहँड, ३४ इंची (म्हणजे तारेची वाजती लांबी), पाच तारांचा बेस आहे; जाडीकडून बारीककडे बी, ई, ए, डी, जी. डावं मनगट दुखतं आणि बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत.

बोटं पळत नाहीत याची काळजी सोडा. तुमच्या यादीतल्या गाण्यांना पळणारी बोटं लागतच नाहीत. तिथे लागतं ते एवढंच की प्रत्येक स्वर ठरल्या मात्रेला सुरू व्हावा आणि ठरल्या मात्रेला बंद व्हावा. पन्नाशीनंतर हे शिकायला काहीच अडचण नाही, आणि सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ यावरच जायला हवा.

पण आधी मनगट. बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर राहील असा पट्टा लावा, किमान ३ इंच रुंद. बेसची मान थोडी वर, साधारण ३० ते ४५ अंश, म्हणजे मनगट सरळ राहतं. मग ही चाचणी करा: डावा अंगठा मानेवरून पूर्ण काढा, उजव्या हाताच्या पुढच्या भागाने बॉडी पोटाशी दाबून धरा आणि ए तारेच्या ७व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या ७व्या खणात) स्वर वाजवा. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून असेल तर अंगठ्याशिवायही स्वच्छ स्वर येतो. आता अंगठा परत ठेवा, पण नुसता टेकवा. जुन्या गिटारवाल्यांची मनगटं बहुतेक वेळा अंगठ्याने मान आवळल्यामुळेच दुखतात.

तरीही जोर लागत असेल तर दोष वाद्यात आहे. १२व्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजा: जाड ई तारेखाली २.५ मिमी, जी तारेखाली २ मिमी पुरे. सेकंडहँड बेसवर ३.५ ते ४ मिमी सर्रास सापडतात. मानेला जास्त बाक आला असेल तर ट्रस रॉड (मानेतली बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. हाताला सवय नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच सेटअप करून घ्या. तारा ४५-१०५ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) असतील तर ४०-१०० चा हलका संच लावा. पाच तारांच्या संचात बी तार वेगळी येते, ती धरूनच घ्या.

पहिल्या पाच फ्रेटमध्ये चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका. ३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर जवळपास १३० मिमी असतं. तिथे डबल बेसवाल्यांची (व्हायोलिनसारखं मोठं, उभं वाद्य) जुनी पद्धत वापरा: तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी मिळून एक. हाताला तीन फ्रेट मिळतात, चौथ्यासाठी अख्खा हात सरकवायचा. एवढं करूनही त्रास राहिला तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस बघा. तेच अंतर ११५ मिमीवर येतं आणि वजनही सहसा कमी होतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा बोट वाकून खटकन अडकत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर बोट अडकण्याचा त्रास जास्त आढळतो, तेव्हा अंगावर काढू नका.

पाच तारा ठेवाव्यात की नाही? या गाण्यांना चार पुरतात. पण घेतलाच आहे तर बी तार अंगठ्याची बैठक म्हणून वापरा. नियम सोपा आहे: वाजवायच्या तारेच्या दोन तारा मागे उजवा अंगठा. ए वाजवताना तो बी वर, डी वाजवताना ई वर, जी वाजवताना ए वर. मधली तार उरते, तिच्यावर छेडणारं बोट स्ट्रोक संपताना येऊन टेकतं. त्याच्याही मागच्या तारांवर अंगठा आडवा रेलतो. असं केलं की मागची नको असलेली एकही तार घुमत नाही. नव्या माणसाचा बेस गढूळ वाटतो तो याच घुमणाऱ्या तारांमुळे. लोक मात्र अ‍ॅम्पची बटणं फिरवत बसतात.

आता स्वर थांबवण्याचा रियाज. मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० टिकटिक) ठेवा, ए तारेच्या ५व्या फ्रेटवर स्वर घ्या. एकला वाजवा आणि बरोबर तीनला बंद करा. तीनच्या टिकटिकीबरोबरच शांतता आली पाहिजे. दोन मिनिटांनी तोच स्वर दोनला बंद करा, मग चारला. बंद करताना डाव्या बोटाचा दाब सोडायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही, नाहीतर खुली तार बोलते. इथे एक हमखास होणारी चूक सांगतो: ५, ७ आणि १२ या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर स्वर बंद होण्याऐवजी बारीक हार्मोनिक (घंटेसारखा उंच स्वर) वाजतो. म्हणून दाब सोडतानाच शेजारची एक-दोन बोटं तारेवर आडवी पाडा. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे खूप चांगलं, मनगटालाही.

हे सगळं तालात कुठे बसतं ते बघू. तुमच्या यादीत केरवा भरपूर असणार. धा गे ना ती, ना क धी ना: यात डग्गा १, २ आणि ७ या मात्रांना घुमतो. ढोलक असेल तर खालच्या सुरांची तिथे गर्दी असते. बेसने १ ला षड्ज द्यावा पण आखूड, ५ ला पंचम द्यावा आणि तो सहावी मात्रा संपेपर्यंत धरावा, सातवी डग्ग्याला मोकळी सोडावी. एवढ्याने ढोलकही स्वच्छ ऐकू येते आणि बेसही. ऱ्हिदम गिटारच्या सवयीने तुमचा हात आठही मात्रा भरायला धावेल, त्याला आवरा. दादऱ्यात १ आणि ४. ऑक्टोपॅडवर पाश्चात्त्य ठेका असेल तेव्हा किकबरोबर (खालच्या, जड ठोक्याबरोबर) उतरा, आणि स्नेअरच्या (कडक, टणक) ठोक्याला स्वर बंद करून बघा, ठेका लगेच कसदार वाटतो.

पन्नासच्या दशकातल्या गाण्यांत जो खर्ज ऐकू येतो तो बहुधा बोटांनी छेडलेल्या डबल बेसचा असतो. तो स्वर ठाशीव उमटतो आणि लवकर विरतो. बेस गिटारवर तो आणायचा तर तळव्याची कड ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) तारांवर ठेवा, अंगठ्याने छेडा, टोन नॉब निम्म्याहून खाली. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली तरी चालतं. सत्तरच्या दशकातली, त्यातही राहुलदेव बर्मन यांची गाणी मात्र वेगळी घ्या. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांच्यासारखे बेस गिटारवादक होते आणि कित्येक गाण्यांत बेसची ओळ ही स्वतंत्र चाल आहे. ती जशीच्या तशी बसवा, नुसत्या षड्ज-पंचमावर भागवू नका. अशी गाणी १८ पैकी तीन-चार असतील, त्यांना सर्वात जास्त वेळ द्या.

ओळ ऐकायला फोनचा स्पीकर निरुपयोगी. बेसची खुली ई तार ४१ हर्ट्झवर असते, एवढं खालचं त्यातून येतच नाही. हेडफोन लावा, वेग ०.७५ करा. तरी कळेना तर सूर वर-खाली करणाऱ्या अ‍ॅपमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा, बेस साध्या गिटारच्या टप्प्यात येऊन स्पष्ट ऐकू येतो. जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतात. त्यामुळे बेस सुरात असूनही बेसूर वाटेल, तेव्हा वाद्य नाही, गाणं थोडं खालीवर करून घ्या.

पट्टी हा खरा कसोटीचा भाग. गायक काळी एक, काळी दोनच्या आसपास, गायिका काळी चार, काळी पाचला. आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी "आज घसा बसलाय, अर्धा सूर उतरवू" म्हणणारच. म्हणून चार्टवर (गाण्याच्या कागदावर) इंग्रजी कॉर्ड लिहू नका, सरगम लिहा. षड्ज ए तारेवर धरला की खालचा पंचम त्याच फ्रेटला जाड ई तारेवर, खालचा धैवत तिथून दोन फ्रेट पुढे, आणि मध्यम त्याच फ्रेटला डी तारेवर मिळतो. मायनर (कोमल गंधाराच्या) गाण्यात कोमल निषाद ई तारेवर षड्जाच्या फ्रेटहून तीन पुढे, कोमल धैवत एक पुढे. सा-नि-ध-प ही उतरण तिथल्या तिथे सापडते. काळी एकचा षड्ज ए तारेच्या ४थ्या फ्रेटवर, पांढरी दोनचा ५व्या, काळी दोनचा ६व्या. पट्टी बदलली की हात सरकवायचा, आकार तोच. काळी चार आणि काळी पाचला षड्ज ई तारेवर घ्या, अनुक्रमे ४ आणि ६. तेव्हा मध्यम त्याच फ्रेटला ए तारेवर आणि पंचम त्याच्या दोन फ्रेट पुढे.

एका गाण्याला एक पान. वर पट्टी, ताल, सुरुवात कोण करतं. मग मुखडा, पहिला म्युझिक पीस, अंतरा, मुखड्यावर परतण्याची ओळ, शेवट. पीसचे बार (तालाची आवर्तनं) मोजून आकडा लिहा, कारण ते नेहमी ४ किंवा ८ नसतात आणि घोळ तिथेच होतो. अक्षर २० पॉइंटचं, स्टँड ६५-७० सेंमीवर. वाचनाचा चष्मा एवढ्या अंतरावर कामाचा नाही, कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा करून घ्या. लाल शाईने काही लिहू नका, स्टेजच्या लाल दिव्यात ती पांढऱ्या कागदावर दिसेनाशी होते. पहिल्या चार आठवड्यांत १८ही गाणी फक्त मूळ स्वरांवर (प्रत्येक कॉर्डच्या पायाच्या स्वरावर), न थांबता पार पडली पाहिजेत. सजावट त्यानंतर.

पहिल्याच तालमीला कीबोर्डवाल्यांशी बोला. त्यांचा डावा हात खर्जात वाजत असेल तर तो वर घ्यायला सांगा. स्टाइल (कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ) लावून वाजवत असतील तर त्यातला बेसचा ट्रॅक म्यूट करायला सांगा. दोन बेस एकत्र वाजले की एकही धड ऐकू येत नाही, आणि थांबवलेला स्वर तिकडे चालूच राहतो. कराओके ट्रॅकवर एखादं गाणं ठेवलं असेल तर त्यातही बेस आधीच असतो, त्या गाण्याला तुम्ही टाळ्या वाजवा किंवा कोरसला उभे राहा.

घरी सरावाला २०-३० वॅटचा बेस अ‍ॅम्प पुरतो. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये मोठ्या आवाजात बेस वाजवू नका, स्पीकर फाटतो. कार्यक्रमाला डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला जा. साउंडवाल्याला २०० ते ३०० हर्ट्झ थोडं कमी आणि ७०० ते ९०० थोडं जास्त करायला सांगा. एकट्याने ऐकताना हा टोन रुक्ष वाटेल, पण बँडमध्ये स्वर यामुळेच उठून येतात. बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी घाला. केबल लावून ठेवली तर वाजवत नसतानाही ती उतरते, म्हणून मध्यंतरात केबल काढा. पावसाळी हवेत मान हलते, आठवडाभर आधी तारेची उंची पुन्हा मोजा. नव्या तारा तीन-चार दिवस आधी चढवा, त्याच दिवशी लावल्या तर सूर उतरत राहतो.

मांडवात गुणगुण आली तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलची ग्राउंड जोडणी तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून काम भागवणारे भेटतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणा. आणि कोरसच्या माइकजवळ तोंड नेण्याआधी वायरमनकडून टेस्टरने माइकची जाळी आणि तुमच्या बेसचा ब्रिज तपासून घ्या. एकावर जरी दिवा लागला तरी अर्थिंग नीट होईपर्यंत माइकला किंवा बेसला हात लावू नका.