रोजची की उद्याची?

प्रश्न : ताई, सलाम. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणतो. आमच्या प्रार्थना गटातले एक भाऊ सांगतात, मूळ ग्रीकमध्ये ‘उद्याची भाकर’ आहे. नातू इंग्रजी शाळेत शिकतो, तो म्हणतो, तिथे तर ‘ब्रेड’ आहे, म्हणजे पाव. मग खरं काय?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : सलाम भाऊ. नातवाचं आधी उरकते. ग्रीक ‘आर्तोस’ म्हणजे गव्हाची किंवा जवाची भाजलेली भाकर, आणि त्या भागातल्या बोलण्यात एकूणच जेवण. योहान ६ मधल्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. आपणही ‘पोटाची भाकर’ म्हणतो तेव्हा कालवण वगळत नाही. बेकरीतल्या पावाला हा अर्थ पेलायचा नाही.

‘रोजची’ हे मात्र अवघड प्रकरण आहे. तिथला ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’. नव्या करारात तो मत्तय ६:११ आणि लूक ११:३ इथेच येतो. ग्रीक ज्यांची रोजची भाषा, त्या तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती अभ्यासकानेही लिहून ठेवलंय की हा शब्द लोकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच, म्हणजे मत्तय-लूक यांनीच घडवलेला दिसतो. जेरोम या जुन्या भाषांतरकाराने बायबलचं लॅटिन करताना लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयात त्याच शब्दासाठी ‘सत्त्वापलीकडची’ अशा अर्थाचा भारदस्त शब्द घातला! मध्यंतरी एका जुन्या पपायरसवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या) खर्चाच्या यादीत हा शब्द सापडल्याचा गवगवा झाला होता. हरवलेला तो पपायरस १९९८ मध्ये येल विद्यापीठात पुन्हा मिळाला, तेव्हा तिथे ‘तेल’ लिहिलेलं निघालं.

तुमच्या गटातल्या भाऊंचं म्हणणं हवेतलं नाही. ‘येणाऱ्या दिवसाची’ अशी या शब्दाची फोड बरेच अभ्यासक करतात. इब्री लोकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या एका शुभवर्तमानात इथे ‘उद्याची’ असल्याची नोंद जेरोमनेच केली आहे. पण ‘मुळात असंच आहे’ असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. ‘गरजेपुरती’ हाही अर्थ तितकाच बसतो, आणि मला तो जवळचा वाटतो. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने पुरवलेलं अन्न, आठवा : ज्याला लागेल तेवढाच गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे.

आणि खरं सांगू का, ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत रोजंदारीवाले असणारच. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांना संध्याकाळी पैसे मिळतात. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१५ बजावतं. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशांतून जे पीठ येतं, ते आजचं म्हणायचं की उद्याचं? अशा घरात तुमच्या गटासारखा वाद व्हायचा नाही.

मंडळीत सगळ्यांबरोबर ‘रोजची’च म्हणा. एकट्याने प्रार्थना करताना ‘उद्याची’ म्हणावंसं वाटलं, तर खुशाल म्हणा. फक्त मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायातलं ३४ वं वचनही वाचा, उद्याची चिंता करू नका म्हणणारं.